जखम शिवत का नाहीत?

‘सिस्टर, नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यावर राहतो. पाच एकर कोरडवाहू, पराटी म्हणजे कापूस, आणि तूर. बारा दिवसांपूर्वी वावरातून कापूस आणताना ट्रॉली कलंडली आणि यांचा उजवा पाय खाली दबला. गुडघ्याखालची दोन्ही हाडं मोडली. रात्र झाली होती म्हणून गावातल्याच हाडवैद्याकडून बांबूच्या कमच्या बांधून घेतल्या. रात्रभर हे ओरडत होते. पहाटे ग्रामीण रुग्णालयात नेलं, तिथून मोठ्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन केलं. पायाच्या दोन्ही बाजूंना वीतभर लांब चिरे दिले आणि ते शिवलेच नाहीत. हाडाला बाहेरून सळया लावल्या. नंतर दोनदा पुन्हा आत नेलं, थोडं काळं पडलेलं मांस काढलं. आता आतल्या बाजूची जखम रबराच्या दोरीनं रोज थोडी थोडी ओढतात. बाहेरच्या बाजूला मांडीची कातडी काढून लावणार म्हणतात. सासूबाई म्हणतात, एक जखम भरायची तर दुसरी काहून करून घेता? दीर म्हणतात, खाजगीत नेऊ, एका दिवसात टाके घालून मोकळे होऊ. पायाचा पंजा वर उचलत नाही. इकडं कापूस बोंडातून लोंबून राहिला. आणि त्या रात्री कमच्या बांधायला मीच हो म्हटलं होतं, ते मनातून जात नाही. मी काय करू?’

ताई, दिरांच्या बोलण्यापासून सुरुवात करते, कारण त्यात घाई आहे आणि ही घाई पायाला महागात पडू शकते. मी ३१ वर्षं सर्जरीच्या वॉर्डात सिस्टर होते. तुमच्या घरातल्यांसारखाच प्रश्न मला शेकडो नातेवाइकांनी विचारला आहे: ‘जखम केली तुम्हीच, मग शिवत का नाही?’ तुमचे यजमान मी पाहिलेले नाहीत, त्यामुळं त्यांच्या पायाचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच. पण तिथं काय चाललंय आणि का, हे मी सांगू शकते.

तुमच्या भागात जिनिंग-प्रेसिंग असेलच. तिथं रुईची गाठ बांधताना कधी पाहिलंय का? १७० किलो रुई दाबून दाबून ठरलेल्या मापात बसवतात आणि वरून पट्ट्या आवळतात. पट्टी तोडली की रुई भसकन फुगते, आणि मग हातानं कितीही दाबा, त्या मापात परत जात नाही. गुडघ्याखालचा पाय असाच बांधलेला असतो. आत स्नायूंचे चार कप्पे असतात, आणि प्रत्येक कप्प्याभोवती पांढरं, चिवट आवरण असतं. ते ताणत नाही. हाड मोडलं, पाय चेंगरला की आत रक्त साचतं, स्नायू सुजतो, आणि जागा तर वाढत नाही. मग दाब चढतो. एरवी हा दाब, बीपीच्याच मापात, १०च्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. तो चढत चढत बीपीच्या खालच्या आकड्याजवळ आला, दोघांत ३०चाही फरक उरला नाही, की बारीक रक्तवाहिन्या मिटायला लागतात. बाहेरून पाय गरम असतो, पावलावरची नाडीही लागते. पण आतला स्नायू रक्तावाचून मरत असतो. सहा-आठ तास असे गेले की त्यातला बराचसा भाग पुन्हा जिवंत होत नाही. याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. ती रात्रभरची ओरड याचीच होती. मोडलेल्या हाडाचं दुखणं पाय स्थिर केला की थोडं तरी कमी होतं, हे मात्र वाढतच जातं.

यावर औषध नाही. कातडी आणि ते आवरण लांबवर उघडून दाब मोकळा करायचा, एवढा एकच उपाय. ते दोन वीतभर चिरे म्हणजे तुमच्या गाठीच्या तोडलेल्या पट्ट्या. त्यांनीच पाय वाचवला.

आता शिवायचं का नाही? कारण सूज अजून उतरलेली नाही आणि शिवणं म्हणजे पट्टी पुन्हा आवळणं. माझ्या नोकरीचं तिसरं वर्ष असेल. विहिरीच्या कामावर पायावर दगड आलेला विशीतला मुलगा होता. घरच्यांनी रोज धोशा लावला, तेव्हाच्या डॉक्टरांनीही ऐकलं, आणि चौथ्या दिवशी जखम ओढूनताणून शिवली. संध्याकाळी माझी ड्यूटी लागली. टाक्यांच्या मधली कातडी पांढरीफटक आणि चकचकीत झाली होती, तेल लावल्यासारखी. मी त्याचा अंगठा दोन बोटांनी हळूच वर ढकलला तर पोरगा किंचाळला. रात्री साडेनऊला सगळे टाके कापावे लागले. एकेक टाका कात्रीनं तुटताना जखम आपोआप फाकत गेली, आणि शेवटचा टाका सुटेपर्यंत तो पोरगा झोपला होता. इतकं दुखणं त्या दोऱ्यांमुळं होतं. पाय वाचला, पण कडेची कातडी काळी पडून गेली आणि पंधरा-वीस दिवसांचं काम दोन महिन्यांवर गेलं. ‘एका दिवसात टाके घालून मोकळे’ असं कोणी म्हटलं की मला तो पाय आठवतो.

आणखी एक कारण आहे. पहिल्या ऑपरेशनाच्या वेळी कोणता स्नायू जगणार आणि कोणता नाही, हे नेमकं कळत नाही. म्हणून दोन-तीन दिवसांनी परत आत नेऊन बघतात. स्नायूचा रंग बघतात, चिमट्यानं धरल्यावर आकसतो का, कापल्यावर रक्त येतं का, हाताला घट्ट लागतो की पिठाळ. मेलेलं असेल ते काढतात. ते तसंच आत ठेवून वरून शिवलं तर आत सडतं, आणि मग पायच नव्हे, माणूसही धोक्यात येतो. तुमच्याकडे दोनदा नेलं, काळं मांस काढलं, हे काम नीट चालल्याचं लक्षण आहे. टाळाटाळ नाही ही.

दोन बाजूंना दोन उपाय का, हे तुम्ही विचारलं नाही, पण मनात आलं असणार. स्वतःची नडगी आतल्या बाजूनं चाचपून बघा. कातडीखाली लगेच हाड लागतं, मध्ये मांस नाहीच. उघड्या पडलेल्या हाडावर मांडीची पातळ कातडी धरत नाही, म्हणून त्या बाजूला पायाची स्वतःची जाड कातडी परत आणायची धडपड असते. बाहेरच्या बाजूला खाली भरपूर मांस आहे. जखम डाळिंबाच्या दाण्यांसारखी लाल, रवाळ झाली की त्यावर लावलेली कातडी चांगली धरते. तुमच्या डॉक्टरांनी याच विचारानं ठरवलं असावं, राउंडला विचारून घ्या.

ती रबराची दोरी म्हणजे बुटाची नाडीच समजा. जखमेच्या दोन्ही कडांना पिना मारतात, त्यांतून दोरी आडवीतिडवी ओवतात, आणि ड्रेसिंगच्या वेळी थोडी आवळतात. ताण दिसला की थांबतात. कातडीला हळूहळू ओढ दिली तर ती सरकते, एकदम ओढली तर मरते. साधारण आठवडा-दहा दिवसांत कडा टाके घालण्याइतक्या जवळ येतात. नाडी आवळल्याच्या दिवशी तुमचं काम एकच: संध्याकाळपर्यंत पायाच्या बोटांवर लक्ष. दुखणं उतरायच्या ऐवजी चढत गेलं, बोटं बधिर झाली किंवा हलवताना यजमान ओरडले, तर सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही. तेव्हाच सिस्टरला सांगा, दोरी सैल करायला दोन मिनिटं लागतात.

काही ठिकाणी जखमेवर स्पंज ठेवून, वर प्लॅस्टिकचा पापुद्रा चिकटवून मशीननं ओढ देतात, त्याला व्हॅक म्हणतात. दोन-तीन दिवसांतून एकदा ड्रेसिंग बदलावं लागतं, घाण पाणी डब्यात जमतं, सूज लवकर उतरते. मशीन लावलीच, तर ती तासन्‌तास बंद पडू देऊ नका. बंद मशीनखाली तो स्पंज जखम झाकून कुजवतो. लाईट गेली, गजर वाजला, तर लगेच सांगायचं.

आता सासूबाईंचा प्रश्न. तो मला सगळ्यांत आवडला, कारण तो खरा प्रश्न आहे.

मांडीची कातडी काढतात म्हणजे मांडी सोलत नाहीत. कागदाची तीन पानं एकावर एक ठेवा, साधारण तेवढ्या जाडीचा वरचा पापुद्रा घेतात. खालचा थर मांडीवरच राहतो, आणि केसांची नि घामाच्या ग्रंथींची मुळं त्याच थरात असतात. तिथूनच नवी कातडी येते. त्यांना लसूणघासाचं सांगा: वरून विळ्यानं कापला की खालून फुटतो, उपटला तर फुटत नाही. इथं कापतात, उपटत नाहीत. दोन-तीन आठवड्यांत मांडी आपोआप भरते. पायाच्या जखमेला मात्र ही मुळंच उरलेली नाहीत. ती तशीच सोडली तर कडेकडेनं कातडी यायला कित्येक महिने लागतील, भरताना ती आखडून पाय वाकडा धरेल, आणि तोवर माश्या, पू, ताप हे चालूच. कातडी लावायची पद्धतही काही आजकालची नाही. जाक-लुई रेव्हेर्दाँ यांनी १८६९ मध्ये पॅरिसला कातडीचे बारीक तुकडे उघड्या जखमेवर लावून ते धरतात हे दाखवलं होतं.

एक खरं सांगून ठेवते, नाहीतर नंतर घाबराल. पायापेक्षा मांडीच जास्त दुखते. खरचटल्यावर कशी आग होते, तशी आग, आणि ती पहिले तीन-चार दिवस असते. यजमान ‘पाय ठीक आहे, मांडीनं जीव घेतला’ म्हणतील. गोळी मागून घ्या, सहन करत बसण्यात काही पुण्य नाही. मांडीवरची जाळी वाळून चिकटून बसते, ती ओढायची नाही. खालची कातडी तयार झाली की ती कडेनं आपोआप सुटत येते, सुटेल तेवढी कात्रीनं कापायची. खूप ओली झाली, हिरवट पाणी आलं किंवा घाण वास सुटला तर दाखवायचं.

पायावर लावलेल्या कातडीचे पहिले पाच दिवस हे या सगळ्या उपचारातले सगळ्यात नाजूक दिवस. तो पापुद्रा मशीनमधून काढून त्याला बारीक बारीक चिरा पाडतात. त्यामुळं तो ताणून मोठा होतो, आणि खाली रक्त-पाणी साचलं तर चिरांमधून निघून जातं. बरा झाल्यावरही जाळीचा ठसा दिसतो तो याचाच, त्याला घाबरू नका. पहिले दोन दिवस ती कातडी खालच्या ओलाव्यावर जगते. तिसऱ्या दिवसाच्या आसपास खालच्या बारीक रक्तवाहिन्या तिच्यातल्या रक्तवाहिन्यांना जुळायला लागतात. या जुळणीच्या वेळी पाय हलला, पापुद्रा सरकला, खाली रक्ताची गुठळी झाली की तेवढा भाग गेला. म्हणून वर जाड बांधणी आणि खालून प्लास्टरची पट्टी घालतात. आमच्या वॉर्डात एका काकांनी तिसऱ्या दिवशी सकाळी चहा प्यायला म्हणून पाय खाटेखाली सोडला. चहा पिऊन होईपर्यंत पाच-सात मिनिटं. पाय लोंबला, रक्त खाली उतरलं, पट्टीवर लाल डाग पसरत गेला. अर्धी कातडी गेली, महिनाभरानं पुन्हा लावावी लागली. त्यांच्या बायकोला किती दिवस वाटत राहिलं की चहा आपणच दिला होता. तुम्ही यजमानांना चहा झोपूनच द्या, उशाशी दोन उशा लावून. पाय उशीवर, छातीपेक्षा थोडा वर. लघवीला भांडं. पाच दिवस, बस.

पाचव्या दिवशी ड्रेसिंग उघडतात. त्याआधी अर्धा तास दुखण्याची गोळी द्यायला सांगा, आणि पट्टी सलाईननं पूर्ण भिजवल्याशिवाय उचलू देऊ नका. भिजवायला दहा मिनिटं लागतात, कामाच्या गर्दीत ती दहा मिनिटं कोणाकडे नसतात, म्हणून तुम्ही नम्रपणे आठवण करा. थोडा वास येईल, पाच दिवस बंद असलेल्या पट्टीला येतोच. कातडी गुलाबी आणि घट्ट चिकटलेली दिसली की ती धरली. मधे कुठं रुपयाएवढा तुकडा पिवळट किंवा काळा दिसला तरी रडू नका, एवढ्याशा जागा कडेनं भरतात.

आता दोन गोष्टी ज्या डॉक्टरांच्या हातात नाहीत, घरच्यांच्याच हातात आहेत.

यजमान खर्रा खातात का, तुम्ही लिहिलं नाही. पण आपल्याकडचा कास्तकार म्हटल्यावर मी विचारणारच. तंबाखूतलं निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळतं, आणि लावलेली कातडी जगते ती नेमकी त्या बारीक रक्तवाहिन्यांवर. वॉर्डाच्या खिडकीतून भेटायला आलेल्या मित्राकडून खर्र्याची पन्नी घेणारे मी किती पकडले असतील! दुसरं काही न बोलता पन्नी काढून घ्यायची आणि त्या मित्राला घरी पाठवायचं. कातडी पक्की धरेपर्यंत तरी एकही खर्रा नको. त्यानंतर मोडलेलं हाड जुळायचं असतं, त्यालाही हेच लागू.

दुसरं पथ्य. जखमेत पू होतो म्हणून वरण बंद, भात बंद, अंडं बंद, आंबट बंद. हे मी आयुष्यभर ऐकलं आणि आयुष्यभर याच्याशी भांडले. पू होतो तो जंतूंनी, वरणानं नाही. एवढी मोठी उघडी जखम रोज अंगातलं प्रथिन बाहेर टाकत असते. ते भरून आलं नाही तर नवी कातडी कशातून बनेल? घट्ट वरण, दोन वेळा अंडी, दूध, फुटाणे, शेंगदाणे, जवसाची चटणी, चालत असेल तर मासे-मटण. या दिवसांत आंबिया बहाराची संत्री बाजारात आहेत, रोज दोन द्या. सासूबाईंनी पथ्याचा डबा पाठवला तर त्यांना वाईट न वाटू देता वरण तुम्ही वरून घाला. साखर आणि हिमोग्लोबिन तपासलं असेलच. सिकलसेलची तपासणी झाली का, तेवढं विचारा. तो रक्ताचा आनुवंशिक आजार आपल्या विदर्भात आहे, आणि असेल तर ऑपरेशनाच्या डॉक्टरांना आधी माहीत हवं.

पंजा उचलत नाही म्हणता, त्याकडं मात्र सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. घरचे जखमेकडं बघत राहतात, पाऊल खाली लोंबत राहतं, आणि दोन महिन्यांनी जखम भरते तेव्हा टाच जमिनीला टेकतच नाही. माणूस लंगडतो तो चिऱ्यांमुळं नाही, या आखडलेल्या घोट्यामुळं. पंजा उचलणारे स्नायू नडगीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला असतात, आणि त्यांची नसही गुडघ्याच्या बाहेरून जाते. स्नायू गेलाय की नस दबलीय, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. नस असेल तर ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, म्हणजे वाट महिन्यांची आहे, आणि त्या महिन्यांत घोटा काटकोनात धरून ठेवणं हे आपलं काम. आजच फिजिओथेरपीच्या लोकांना बोलवायला सांगा, पट्टी किंवा बूट मिळतो. कातडी लावल्यावरचे ते पाच दिवस व्यायाम बंद. त्यानंतर परवानगी मिळाली की दिवसातून चार-पाचदा बोटं वर-खाली, घोटा वर-खाली, गुडघा सरळ. वर्ष गेलं आणि पंजा उचललाच नाही, तरी दुसऱ्या स्नायूचं दोरीसारखं टोक, म्हणजे कंडरा, वळवून लावायचं ऑपरेशन असतं. पण घोटा आखडलेला असेल तर तेही नीट करता येत नाही.

खाजगीत न्यायचंच ठरलं तर खाजगी वाईट असं मी म्हणत नाही. तिथं प्लास्टिक सर्जन आहेत का, आणि ते हीच जखम कशी बंद करणार, एवढं दिरांनी आधी विचारून यावं. शहाणा डॉक्टर तिथंही नाडी, मशीन किंवा मांडीची कातडी हेच सांगेल. पैशाचं म्हणाल तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार होतात. दवाखान्यात ‘आरोग्यमित्र’ बसतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटा. सही करून मध्येच घरी नेणं, हे मात्र कोणत्याही कारणानं करू नका. उघडी जखम आणि बाहेरच्या सळया घेऊन घरी गेलेले पाय मी परत येताना पाहिलेत. त्यातले काही नंतर कापावे लागले.

आणि कमच्यांचं. ताई, तुम्ही रात्री, अंधारात, गाडी नसताना, जो माणूस जवळ होता त्याच्याकडं गेलात. घट्ट बांधलेल्या पट्टीनं स्नायू रक्तावाचून मरून आखडतो हे रिचर्ड फोन फोल्कमान या जर्मन सर्जननं १८८१ मध्ये लिहून ठेवलं, आणि आजही शिकलेल्या हातांनी घातलेलं प्लास्टर घट्ट झालं तर हेच होतं. कमच्यांनी दाब वाढवला असेल, हे मी नाकारत नाही, खोटा दिलासा मला देता येत नाही. पण ट्रॉलीखाली चेंगरलेली नडगी पट्टी न बांधताही अशी सुजते. आणि पहाटे तुम्ही ‘दुपारपर्यंत बघू’ म्हणाला नाहीत, लगेच उठवून नेलंत. पाय जागेवर आहे त्यात तुमचा तो निर्णयही आहे. तुम्हाला काही करायचंच असेल तर गावात परत गेल्यावर बायकांना एवढं सांगा: बांधल्यावर दुखणं वाढत चाललं, बोटं बधिर झाली किंवा हलवली की कळ येते, तर आधी पट्टी कापायची, मग १०८ ला फोन करायचा. त्या हाडवैद्याशीही भांडू नका, त्यालाही हेच सांगा. पुढचा पाय त्याच्याच दारात येणार आहे.

घरी गेल्यावरचं थोडं सांगते. लावलेल्या कातडीत घाम आणि तेल तयार होत नाही, ती कोरडी पडून तडकते. जखम पूर्ण बंद झाल्यावर रोज दोनदा खोबरेल तेलानं हळू चोळायचं. खाट सोडण्याआधी बोटांपासून गुडघ्यापर्यंत क्रेप बँडेज, पाय खाली सोडायचा तो त्यानंतरच. नाहीतर तो जांभळा होतो, कातडीवर फोड येतात. हळद, राख, शेण, झाडपाल्याचा लेप काही नको, ड्रेसिंग प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्या. त्या जागेला स्पर्श कळत नाही, गरमही कळत नाही. थंडीचे दिवस आहेत, शेकोटीजवळ बसले आणि बोलता बोलता पाय भाजला, कळलंच नाही, असे दोन रुग्ण मला एकाच हिवाळ्यात मिळाले होते. शेकोटीकडं डावं अंग करून बसवा, उजवा पाय लांब. पराटीच्या खुटाचंही तेच, वावरात जातील तेव्हा पायात बूट आणि नडगीला कापड. पहिलं वर्षभर ऊन लागू देऊ नका, ती कातडी काळी पडते.

राहिला कापूस. कातडी लावण्याच्या आधीचे दोन-तीन दिवस तुम्ही गावाला जाऊन या, तेव्हा दीर दवाखान्यात बसतील. नाडी आवळली त्या संध्याकाळी बोटं कशी बघायची, ते त्यांना जाण्याआधी दाखवून ठेवा. नंतरचे पाच दिवस तुम्ही इथं, दीर वेचणीला. बोंडातला कापूस आठ दिवसांनी वेचला तर थोडा वाळेल, थोडा गळेल, भाव थोडा कमी येईल. आणि येताना घरून मच्छरदाणी घेऊन या, दिवसाही लावायची आहे.